अस्वलांच्या मुलखात चार दिवस: बेली नदी ते टार्मिगन बोगदा

सह्याद्रीत भटकताना जंगलात आवाज करायचा नाही, ही शिस्त कॉलेजच्या दिवसांपासून आमच्या अंगात इतकी मुरलेली होती की, मॉन्टानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कच्या परवाना कार्यालयात रेंजरबाईंनी ‘चालताना सतत बोला, गा, वळणावर टाळ्या वाजवा, गप्प मात्र राहू नका’ असे बजावले, तेव्हा आम्ही चौघेही एकमेकांकडे पाहत राहिलो. बेसावध अस्वल माणसाच्या चाहुलीने दचकले तरच बहुधा अंगावर येते. आधी चाहूल लागली तर ते आपण होऊन वाट सोडते, हा त्यामागचा विचार. तो पटायला वेळ लागला नाही, पण चार दिवस तो पाळणे किती कठीण आहे, हे तिसऱ्या दिवशी कळले.

आम्ही चौघे म्हणजे मी, माझा नवरा, त्याचा चंद्रपूरचा मित्र आणि कॅलगरीत राहणारी माझी कॉलेजची मैत्रीण. मैत्रीण कॅनडातून गाडी घेऊन आली आणि आम्ही तिघे सिअॅटलहून विमानाने कॅलिस्पेलला उतरलो. दोन गाड्या हाताशी असण्याचा फायदा असा की, भाड्याची गाडी शेवटच्या मुक्कामी, मेनी ग्लेशियरला, ठेवता आली आणि मैत्रिणीच्या गाडीतून चौघांना चीफ माउंटनच्या पायथ्याला जाऊन चालायला सुरुवात करता आली. ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परत यायचे नसेल, तर ही सोय आधीच लावून ठेवावी.

परवान्याबद्दल थोडक्यात सांगते. मुक्कामाच्या जागा मोजक्या असतात आणि कोणत्या रात्री कोणत्या जागी राहणार, हे परवान्यावर नावानिशी लिहिलेले असते. त्यासाठी मार्च महिन्यात सरकारी संकेतस्थळावर सोडत निघते. आम्हाला हवे ते दिवस मिळाले नाहीत, पण ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यातल्या तीन रात्री मिळाल्या: एक गेबल क्रीकला आणि दोन एलिझाबेथ तलावाच्या काठी. परवाना हातात देण्यापूर्वी अस्वलांविषयीची एक चित्रफीत दाखवतात. ती मन लावून पाहावी, कारण या उद्यानात सुमारे ३०० ग्रिझली आणि ६०० काळी अस्वले असल्याचा अंदाज आहे.

पहिला दिवस: चीफ माउंटन ते गेबल क्रीक

वाट सुरू होते ती अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या तपासणी नाक्यापासून हाकेच्या अंतरावर. चीफ माउंटन हा एकटा उभा असलेला, भिंतीसारख्या कड्यांचा डोंगर इथल्या मूळ रहिवासी ब्लॅकफीट लोकांसाठी पवित्र आहे. ते त्याला निनाइस्ताको म्हणतात. या डोंगराची गंमत अशी की, वरचा खडक खालच्या खडकापेक्षा कितीतरी जुना आहे. भूकवचाच्या दाबाने शंभर कोटी वर्षांहून जुने थर सरकत येऊन तुलनेने कोवळ्या थरांवर बसले, आणि पुढे आजूबाजूचा भाग झिजून गेल्यावर हा एक तुकडा तेवढा उरला. आपल्या सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांमध्ये खालचे जुने आणि वरचे नवे असा सरळ हिशेब असतो. इथे तो उलटा झालेला पाहून मी पाठीवर ओझे असतानाही बराच वेळ मान वर करून उभी होते.

ओझे प्रत्येकाच्या पाठीवर पंधरा किलोंच्या घरात होते. त्यात जेवणाचा भाग मोठा होता आणि त्याच्यावर आमच्या घरी आठवडाभर चर्चा झाली होती. अस्वलाचे नाक फार तिखट असते, त्यामुळे फोडणीचा घमघमाट रानात पसरेल असे काहीही शिजवायचे नाही, असे ठरवले. मेतकूट आणि झटपट शिजणारा तांदूळ, गरम पाणी घातले की फुलणारे तिखट-मिठाचे पोहे, मेथीचे ठेपले, गूळपापडीच्या वड्या, दाण्याचे कूट, चहा आणि दुधाची भुकटी एवढ्यावर चार दिवस उत्तम गेले. मैत्रिणीने कॅलगरीहून लसणाची चटणी आणली होती. ती मोह आवरून गाडीतही न ठेवता आदल्या रात्री मोटेलमध्येच संपवली.

प्रत्येकाच्या कमरेला बेअर स्प्रेचा, म्हणजे अंगावर येणाऱ्या अस्वलावर मारायच्या फवाऱ्याचा, डबा होता. त्यात असते ते कॅप्सायसिन, म्हणजे आपल्या मिरचीचा तिखटपणा. डबा पिशवीच्या तळाशी ठेवला तर त्याचा काही उपयोग नाही. तो दोन सेकंदांत हातात यायला हवा. विमानातून तो नेता येत नाही, सामानातूनही नाही, म्हणून उद्यानाजवळच्या दुकानातून विकत किंवा भाड्याने घ्यावा, डब्यावरची मुदत पाहावी आणि सुरक्षेची पट्टी अंगठ्याने काढण्याचा सराव करावा. आम्ही मोटेलच्या अंगणात प्रत्येकी वीस-वीस वेळा तो केला.

सुरुवातीची वाट उतरते. अॅस्पन आणि स्प्रूसच्या सावलीतून वळणे घेत ती बेली नदीच्या खोऱ्यात पोहोचते आणि मग जवळजवळ सपाटीवरून कुरणांमधून जाते. ही नदी उत्तरेला कॅनडात शिरते आणि तिचे पाणी शेवटी हडसनच्या उपसागराला मिळते. बोलत राहण्यासाठी आम्ही भेंड्या लावायचे ठरवले. किल्ल्यांच्या नावांच्या भेंड्या पाच मिनिटांत अडल्या, कारण राजगडानंतर कोणताही गड घ्या, अक्षर ‘ड’च येते. मग गावांची नावे घेतली आणि तेवढ्यावर डहाणूपासून डोंबिवलीपर्यंत, पुसदपासून दौलताबादपर्यंत तीन तास गेले. दाट झुडपांच्या वळणावर मात्र भेंडी थांबवून चौघांनी मिळून ‘गणपती बाप्पा मोरया’ असा गजर करायचा, हे आपोआप ठरून गेले. रानातला आवाज अस्वलाला माणसाचा वाटला पाहिजे, त्यामुळे पिशवीला बांधायच्या छोट्या घंटांवर भरवसा ठेवू नये, असे रेंजरबाईंनी सांगितले होते.

दहा किलोमीटर चालून चारच्या सुमाराला गेबल क्रीकला पोहोचलो. जवळच शंभर वर्षांहून जुने लाकडी रेंजर ठाणे आहे आणि त्यापुढच्या कुरणातून मागे डोंगरांची पूर्ण कमान दिसते.

इथल्या मुक्कामाची रचना समजून घेण्यासारखी आहे. तंबूच्या जागा एकीकडे, स्वयंपाक आणि जेवणाची जागा त्यांपासून लांब, आणि अन्न उंच टांगण्यासाठी उभारलेला आडवा दांडा जेवणाच्या जागेजवळ. आल्याबरोबर तंबू लावायचा नाही. आधी अन्नाच्या पिशव्या टांगायच्या. टांगायचे म्हणजे केवळ जेवण नव्हे. दंतमंजन, साबण, ओठांचे मलम, डासांचे औषध, खरकट्या पिशव्या, रिकामी पाकिटेसुद्धा. त्यासाठी प्रत्येक गटाजवळ किमान २५ फूट दोरी हवी. भांडी धुतलेले पाणी गाळायचे, गाळातली शिते कचऱ्याच्या पिशवीत घालून बरोबर न्यायची.

या सगळ्या नियमांच्या मागे एक काळी रात्र आहे. १९१० साली उद्यान स्थापन झाल्यापासून १९६७ पर्यंत इथे अस्वलाने माणूस मारल्याची एकही घटना नव्हती. त्या वर्षी १३ ऑगस्टच्या रात्री, एकमेकांपासून दूर असलेल्या दोन जागी, दोन वेगवेगळ्या ग्रिझलींनी तंबूविना झोपलेल्या दोन तरुणींचा बळी घेतला. दोघीही १९ वर्षांच्या होत्या. त्यांतल्या एका जागी पाहुण्यांना अस्वले दिसावीत म्हणून रोज रात्री उष्टे-खरकटे बाहेर टाकले जात असे. माणसाजवळ अन्न मिळते, हे अस्वलांना माणसांनीच शिकवले होते. त्यानंतर कचऱ्याचे, अन्नाचे आणि मुक्कामाच्या जागांचे सारे नियम बदलले. एकदा माणसाच्या अन्नाला चटावलेले अस्वल पुढे धीट होते आणि बहुधा त्याला मारावेच लागते. म्हणजे दांड्याला बांधलेली आपली गाठ जितकी आपल्यासाठी, तितकीच त्याच्यासाठीही असते.

हे सारे चित्रफितीत पाहिले होते, चौघांत बोलून झाले होते, आणि तरीही रात्री दहाच्या सुमाराला झोपण्याच्या पिशवीत शिरताना माझ्या जाकिटाच्या आतल्या खिशात काहीतरी कुरकुरले. बडीशेपेची पुडी! सिअॅटलच्या एका हॉटेलात जेवणानंतर मिळालेली, कधीची तरी राहून गेलेली. नवऱ्याने काही न बोलता डोक्याला दिवा बांधला, आम्ही दोघे मोठमोठ्याने बोलत अंधारात दांड्यापर्यंत गेलो, पिशवी खाली उतरवली, पुडी आत टाकली आणि पुन्हा वर चढवली. परत येताना माझ्या पायांना कंप सुटला होता. तेव्हापासून प्रत्येक मुक्कामी तंबूत शिरण्यापूर्वी एकमेकांचे खिसे तपासण्याचा नेम आम्ही केला, आणि हाच सल्ला मी प्रत्येकाला देईन. आपल्या खिशात काय असते, हे आपल्यापेक्षा बरोबरच्याला लवकर सापडते.

दुसरा दिवस: कॉस्ली तलाव आणि एलिझाबेथचा काठ

सकाळी गवत दवाने निथळत होते आणि बोटे गारठली होती. मेतकूट-भात खाऊन, अन्न दांड्यावरच ठेवून, रिकाम्या पाठीने कॉस्ली तलावापर्यंत जाऊन आलो. तलावाला ज्याचे नाव आहे तो जो कॉस्ली उद्यानाच्या अगदी पहिल्या रेंजरांपैकी एक. रखवालदार असतानाच तो चोरून शिकार करायचा आणि झाडांच्या सालींवर स्वतःचे नाव कोरायचा. नोकरी गेल्यानंतर, १९२९ साली, बेली नदीच्या रेंजरने त्याला याच खोऱ्यात कातड्यांच्या साठ्यासह पकडले. न्यायालयात दंड भरून तो सुटला आणि बर्फावर चालायचे जोडे पायांत अडकवून एका खिंडीतून रातोरात परत आला, आणि रेंजर पोहोचण्यापूर्वी लपवलेली कातडी घेऊन पसार झाला. ज्या माणसाने इथल्या प्राण्यांची अशी लूट केली त्याचे नाव इतक्या सुंदर पाण्याला असावे, हे मला आवडले नाही. चंद्रपूरकराचे मत वेगळे पडले. ज्याला हे खोरे रात्रीच्या बर्फातही पाठ होते, त्याची काहीतरी खूण राहायला हवी, असे तो म्हणाला. यावर परतीच्या वाटेवर भरपूर वाद झाला, आणि वाद हा आवाज करण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

दुपारी ओझी उचलून एलिझाबेथ तलावाकडे निघालो. अंतर जेमतेम पाच किलोमीटर, पण वाटेत डॉन मिस्ट धबधबा आहे आणि तिथे रेंगाळलो. पाण्याच्या गर्जनेजवळ आपला आवाज अस्वलापर्यंत जात नाही, म्हणून अशा जागी दुप्पट सावध राहावे लागते. आम्ही आळीपाळीने दोघांनी पाणी पाहायचे आणि दोघांनी पाठीमागच्या झाडीकडे लक्ष ठेवायचे, असे केले.

तलावाच्या काठी जेवणाच्या जागेत मॉन्टानातलेच एक निवृत्त शिक्षक आजोबा आणि त्यांची दहा-अकरा वर्षांची नात भेटली. आजोबा गळ टाकायला आले होते. या तलावात ग्रेलिंग नावाचा मासा आहे. पाठीवरचा पर एखाद्या शिडासारखा उंच आणि त्यावर निळसर ठिपके. मासा साफ करून झाल्यावर आतडी काठावर टाकायची नाहीत, त्यांतली माशाची हवेची पिशवी फोडून मुक्कामापासून दूर खोल पाण्यात सोडायची, म्हणजे ती तरंगून काठाला लागत नाहीत आणि अस्वल तिकडे येत नाही, हे त्यांनी नातीकडून आम्हाला प्रात्यक्षिकासह समजावून दिले. त्यांनी भाजलेला मासा दिला, आम्ही मेतकूट-भात आणि गूळपापडी दिली. नातीने मेतकुटाचा वास घेऊन ‘हे शेंगदाण्यांचे आहे का?’ असे विचारले आणि भाजलेल्या डाळींचे आहे हे ऐकून दुसऱ्यांदा वाढून घेतले.

त्या रात्री चंद्रपूरकराने त्याच्याकडच्या अस्वलांच्या गोष्टी सांगितल्या. मोहाची फुले पडतात त्या दिवसांत पहाटे बायामाणसे टोपल्या घेऊन रानात जातात, आणि नेमक्या त्याच झाडाखाली अस्वलही तीच फुले खायला येते. त्याच्या आजोळी वाघापेक्षा अस्वलाची धास्ती जास्त होती, आणि आजी एकटी कधीच जात नसे; चार-पाच जणींनी मिळून, बोलत-बोलत जायचे. रेंजरबाईंनी दिलेला सल्ला त्याच्या आजीला आधीपासून ठाऊक होता.

तिसरा दिवस: हेलन तलाव

सकाळी आजोबा आणि नात परतीला लागले, आणि थोड्या वेळाने झाडीतून एक बारीक आवाज ‘मोरया’ असे ओरडताना ऐकू आला. आदल्या संध्याकाळी शिकवलेले तिने लक्षात ठेवले होते.

तलावाच्या काठाने वरच्या टोकाला जाऊन पुढे हेलन तलावापर्यंत सुमारे साडेसहा किलोमीटर. हेलन म्हणजे खोऱ्याचा शेवट. तिन्ही बाजूंनी उभे कडे, त्यांवरून लोंबणारे पाण्याचे धागे आणि मध्ये बर्फाच्या पाण्याचा तलाव. दुपारी ढग भरून आले, अर्धा तास बारीक गारा पडल्या आणि पुन्हा ऊन पडले. ऑगस्ट असला तरी पावसाचे जाकीट आणि लोकरी टोपी हाताशी हवीच.

परत येताना चौघेही दमलो होतो. वारा समोरून येत होता, डावीकडे ओढा खळाळत होता, आणि आमच्या भेंड्या केव्हा थांबल्या हे कोणालाच कळले नाही. पुढे चालणाऱ्या चंद्रपूरकराने एकदम हात आडवा केला.

साठ-सत्तर पावलांवर, वाटेच्या उजव्या अंगाला, सर्व्हिसबेरीच्या झुडपात एक अस्वल फांद्या ओढून फळे ओरपत होते. खांद्यावरचा उंचवटा स्वच्छ दिसत होता. रंगावरून जात ओळखता येत नाही, कारण काळी अस्वलेही तपकिरी असतात; खांद्यावरचा उंचवटा, कपाळाखाली खोलगट उतरणारा चेहरा, आखूड गोल कान आणि लांब नखे, ही ग्रिझलीची लक्षणे. मला तेव्हा फक्त उंचवटा दिसला. नंतर झुडपामागून एक पिल्लू बाहेर आले आणि माझ्या छातीत धस्स झाले.

आम्ही एकमेकांना खेटून उभे राहिलो. स्प्रेच्या डब्यांवरच्या पट्ट्या निघाल्याचे चार बारीक आवाज मला अजून ऐकू येतात. चंद्रपूरकर मराठीतच, घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावे तशा संथ आवाजात म्हणाला, ‘आम्ही इथेच आहोत हो, जातोच आहोत, तुमचे चालू द्या.’ अस्वल मागच्या दोन पायांवर उभे राहिले. हा हल्ल्याचा पवित्रा नसतो, ते वास आणि अंदाज घेत असते, हे माहीत होते; तरी त्या उंचीपुढे माहितीला पाय फुटतात. पळायचे नाही, कारण ते ताशी ५० किलोमीटरहून अधिक वेगाने धावू शकते, आणि पळणारी वस्तू म्हणजे त्याला पाठलागाचे आमंत्रण. आम्ही बोलत-बोलत, पाठ न दाखवता, एकेक पाऊल मागे सरकत गेलो. ते खाली आले, पिल्लाकडे वळले, आणि दोघेही उतारावरच्या झाडीत शिरले. फांद्या हलल्या, मग थांबल्या.

अर्धा तास आम्ही तिथेच थांबलो. कोणीही छायाचित्र काढले नव्हते आणि त्याची हळहळ कोणालाही वाटली नाही. मला वाटली ती लाज. ती आई आपल्या पोराला घेऊन थंडीपूर्वीची चरबी साठवत होती, रोजच्या जागी रोजचे काम करत होती. चाहूल द्यायचे एवढे एकच काम आमच्याकडे होते आणि ते आम्ही दमलो म्हणून सोडले. त्यानंतर मुक्कामापर्यंत आम्ही सगळ्या आरत्या म्हटल्या, चुकलेल्या कडव्यांसकट.

चौथा दिवस: टार्मिगन बोगदा आणि मेनी ग्लेशियर

शेवटच्या दिवशी एलिझाबेथच्या काठापासून सुमारे २,३०० फुटांची चढण आहे. साडेसहाला निघालो. झाडी संपली की वाट लाल खडकात कोरलेल्या पट्टीवरून जाते, एका अंगाला दगडी कठडा आणि खाली एलिझाबेथचे हिरवे पाणी. समोरच्या भिंतीत एक काळे दार दिसते, तोच टार्मिगन बोगदा. १९३० साली घोड्यांवरून फिरणाऱ्या पर्यटकांसाठी कड्यातून आरपार खोदलेला, अडीचशे फुटांच्या आसपास लांब. हिवाळ्यात त्याचे लोखंडी दरवाजे बंद असतात आणि साधारण जुलैच्या मध्यावर उघडतात, त्यामुळे निघण्यापूर्वी तो उघडा आहे का हे विचारून घ्यावे. बंद असेल तर सगळा बेत बदलावा लागतो. आत गार वारा सुसाट वाहत होता. दुसऱ्या तोंडाशी बाहेर आलो तेव्हा लाल जगातून करड्या जगात आल्यासारखे वाटले. खाली टार्मिगन तलाव आणि दूरवर मेनी ग्लेशियरचे डोंगर.

पुढचे साडेआठ किलोमीटर उतरणीचे आहेत. हा भाग रानफळे पिकण्याच्या दिवसांत अस्वलांच्या वावरामुळे अनेकदा बंद ठेवतात. त्या दिवशी वाट उघडी होती आणि आम्हाला सोबत भरपूर होती, तरी आमचे तोंड क्षणभरही बंद नव्हते. दुपारी तीनला गाडीपाशी पोहोचलो.

रेंजर ठाण्यात अस्वल दिसल्याची नोंद करायला गेलो. तरुण रेंजरने नकाशा पुढे केला, जागा, वेळ, पिल्लू किती मोठे, आमच्यापासून किती अंतर, असे एकेक विचारून लिहून घेतले. आम्ही बोलायचे थांबलो होतो, हेही मी सांगितले; तो फक्त मान हलवून लिहीत राहिला. शेवटी त्याने विचारले, “त्याला तुमच्याकडचे काही खायला मिळाले का?”

“नाही,” आम्ही चौघेही एकदम म्हणालो.

त्याने त्या रकान्यात ‘नाही’ लिहिले आणि वही मिटली.